खाकी वर्दीच्या घरात

सांगलीहून मिरजेच्या रस्त्याला लागले की वाटेत विश्रामबाग येते. एका अंगाला विलिंग्डन कॉलेज, दुसरीकडे वालचंद इंजिनियरिंग कॉलेज, चिमुकले रेल्वे स्टेशन, आणि मधल्या भागात नोकरदारांनी व पेन्शनरांनी हौसेने बांधलेली घरे. कुणालाही वाटावे, नावाप्रमाणेच ही वस्ती निवांत आहे. परंतु याच विश्रामबागेत जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांची कचेरी आहे आणि पोलीस मुख्यालयही आहे. ज्यांच्या वाट्याला विश्राम सर्वांत कमी, त्यांचा मुक्काम नेमका विश्रामबागेत! हा विनोद कुणी मुद्दाम केलेला नाही. पण खाकी वर्दीच्या घरांतून तो कुणाला फारसा हसूही आणत नसेल.

आपणा मध्यमवर्गीयांची पोलिसाशी ओळख ती काय? चौकात शिटी फुंकणारा, पासपोर्टच्या चौकशीला येणारा, गणपतीत दोरखंड धरून उभा असलेला. सायकल चोरीला गेली तर ठाण्याची पायरी चढायची आणि शक्य तितक्या लवकर उतरायची, असा आपला शिरस्ता. त्याच्याविषयी आपली मतेही ठरलेली असतात. तो पैसे खातो, तो उर्मट बोलतो, आणि तिसरे मत आपण जरा आवाज खाली आणून सांगतो : तो पितो. पहिल्या दोन मतांवर पुष्कळ लिहून झाले आहे. तिसऱ्याविषयी मात्र आपण डोळे मिचकावून थांबतो. तो का पितो, किती जण पितात, आणि मुख्य म्हणजे त्याच्या घरी त्या बाटलीचे काय होते, हे विचारायचे कुणाच्या मनात येत नाही.

याची सुरुवात कायद्याच्या पुस्तकापासून केली पाहिजे. १९५१ चा मुंबई पोलीस कायदा (आता त्याला महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणतात) काढून त्याचे २८ वे कलम वाचावे. पोलीस अधिकारी हा सदैव कर्तव्यावर आहे असे मानले जाईल आणि राज्याच्या कोणत्याही भागात त्याला कामास लावता येईल, असा त्याचा आशय आहे. सदैव! गिरणीतल्या कामगाराला भोंगा असतो, बँकेतल्या कारकुनाला सहाचा ठोका असतो, शाळामास्तरांना घंटा असते. पोलिसाला यातले काही नाही. इंग्रजांच्या १८६१ च्या कायद्यातही असेच कलम होते. साहेब गेला; कलम राहिले.

आता या ‘सदैव’चा अर्थ प्रत्यक्षात काय होतो ते पाहा. हैदराबादच्या ॲडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेजने केंद्र सरकारच्या पोलीस संशोधन व विकास विभागासाठी केलेली देशव्यापी पाहणी २०१४ साली बाहेर आली. पोलीस ठाण्यातले जवळजवळ ९० टक्के लोक रोज आठ तासांहून अधिक काम करतात असे तीत आढळले; आमच्या लोकांना अकरा तास किंवा अधिक राबावे लागते असे ६८ टक्के ठाणेप्रमुखांनी सांगितले, आणि चौदा तासांहूनही अधिक, असे २८ टक्के ठाणेप्रमुखांनी. आमच्या लोकांना महिन्यातून एकही साप्ताहिक सुट्टी मिळत नाही, असे जवळजवळ तीन चतुर्थांश ठाणेप्रमुख म्हणाले. पुढे २०१९ मध्ये ‘कॉमन कॉज’ आणि ‘लोकनीती’ या संस्थांनी एकवीस राज्यांतल्या सुमारे बारा हजार पोलिसांना आणि दहा हजारांहून अधिक कुटुंबीयांना प्रश्न विचारले. तेव्हा कामाच्या दिवसाची सरासरी चौदा तासांची भरली. दर चारांतले तिघे म्हणाले, या कामाच्या ओझ्याने आमच्या शरीरावर आणि मनावर परिणाम होतो आहे. घरच्या माणसांनाही कुणीतरी विचारले, हे विशेष. एरवी पोलिसाला बायकामुले असतात, ही गोष्ट सरकारला क्वार्टर वाटतानाच तेवढी आठवते.

चौदा तास हा आकडा वाचताना आपल्याला काही बोचत नाही. म्हणून मिरजेची विसर्जन मिरवणूक डोळ्यांपुढे आणा. अनंत चतुर्दशीला निघालेले गणपती दुसऱ्या दिवशी उजाडून गेले तरी तळ्याच्या वाटेवरच असतात. कमानी, रोषणाई, ढोल. मंडळांची पोरे आळीपाळीने नाचतात आणि आळीपाळीने वडापाव खातात. कठड्याशी काठी घेऊन उभा असलेल्या माणसाची पाळी मात्र बदलत नाही. त्याच्या डोक्यात आणखी एक धास्ती असते : २००९ च्या सप्टेंबरात याच मिरजेत एका कमानीवरून दंगल उसळली होती आणि सांगलीपर्यंत पसरली होती. पुन्हा तसे घडू नये याची जोखीम त्याच्या शिरावर. किंवा २०१९ चा ऑगस्ट आठवा. कृष्णामाई आयर्विन पुलापाशी सत्तावन्न फुटांच्या वर गेली, निम्मी सांगली पाण्यात बुडाली. त्या दिवसांत लोकांना बाहेर काढणाऱ्या पोलिसांचीही घरे होतीच की! ती कोण आवरीत होते?

ऑस्ट्रेलियात १९९७ साली डॉसन आणि रीड या दोघा संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. माणसांना जागे ठेवायचे आणि त्यांच्या हाताची व नजरेची चाचणी ठरावीक वेळाने घ्यायची. त्याच माणसांना दुसऱ्या खेपेस दारू पाजून तीच चाचणी घ्यायची. निष्कर्ष असा निघाला, की सलग सतरा तास जागलेल्या माणसाची अवस्था रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असलेल्या माणसासारखी होते, आणि चोवीस तासांनंतर ती ०.१० टक्क्यांच्या बरोबरीला जाते. आता आपल्या १९४९ च्या दारूबंदी कायद्यातले ६६ वे कलम पाहावे. आरोपीच्या रक्तात किती मद्यार्क सापडला की खुलाशाचा भार त्याच्यावर येतो, तो आकडाही ०.०५ टक्केच आहे! ज्या अंकाला आपण नागरिकाला पकडून दवाखान्यात नेतो, तितक्याच सुन्न डोक्याने त्याला पकडणारा उभा असतो, आणि त्याने एक घोटही घेतलेला नसतो.

मग घोट येतो कुठून?

त्याची वाट फार ओळखीची आहे. रेल्वेच्या रुळावर प्रेत सापडते, विहिरीतून चार दिवसांचे फुगलेले प्रेत काढायचे असते. पंचनामा करायचा तर जवळ जावेच लागते, आणि हात लावायला दुसरे कुणी पुढे येत नाही. जुना जमादार नव्या शिपायाला म्हणतो, “मार थोडी, त्याशिवाय जमायचं न्हाई.” पहिला घोट असा औषध म्हणून पोटात जातो. दुसरा जातो तो झोपेसाठी. रात्रपाळी करून सकाळी नऊला घरी आलेल्या माणसाला झोप यावी कशी? बाहेर भाजीवाल्याचे ओरडणे, घरात कुकरच्या शिट्या, मुलांची शाळेची घाई. थोडी घेतली की डोळा लागतो. ही झोप तुटक असते, दारूने लागलेली झोप गाढ उतरत नाही, हे त्याला कुणी सांगितलेले नसते. तिसरा घोट जातो साहेबाच्या शिव्यांवर. चारचौघांत, कधी आरोपीच्या देखत, झालेला पाणउतारा गिळायचा तर काहीतरी बरोबर गिळावे लागते. त्यानंतरच्या घोटांना कारण लागत नाही.

शिवाय हा माणूस दारूच्या गावातच राहतो. सांगली संस्थान १९४८ साली मुंबई राज्यात विलीन झाले, आणि १९५० च्या एप्रिलपासून सबंध राज्यात दारूबंदी लागू झाली. तेव्हापासून हातभट्टीवर धाड घालायची, रसायन ओतून द्यायचे, मुद्देमाल मोजायचा, पिणाऱ्याचे तोंड हुंगायचे, ही कामे पोलिसाच्या गळ्यात पडली. बंदी पुढे सैल होत गेली, तरी कायदा आणि कामे राहिली. आता तर दारूच्या जोडीला एमडी नावाची नवी पांढरी भुकटी आली आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत पुण्याच्या पोलिसांनी तिचा मोठा साठा विश्रामबागेपासून जवळच असलेल्या कुपवाडमध्ये पकडला. मिठाईच्या दुकानातल्या पोऱ्याला पेढ्याचा वीट येतो म्हणतात. दारूचे तसे नाही.

आता घरात येऊ. पुढे जे लिहितो आहे ते कुणा एका घराचे चित्र नव्हे. अशा पुष्कळ घरांत जे घडते त्याचे तुकडे एकत्र जोडले आहेत. नावे मुद्दामच दिली नाहीत.

शेजारच्या काकू दारातून विचारतात, “वहिनी, भावजी दोन दिवस दिसले नाहीत ते?”

“ड्युटीवर गेल्यात काकू. बंदोबस्त हाय.”

भावजी आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेले असतात. ठाण्यातून फोन येतो तेव्हा हीच बाई ठाणे अंमलदाराला सांगते, “ताप भरलाय हो साहेब, रात्रभर नुसते कण्हत होते.” शाळेत बाईंनी विचारले, पालकसभेला वडील का आले नाहीत, तर आठ वर्षांचा मुलगा कुणी न शिकवता सांगतो, “पप्पा ड्युटीवर आहेत.” वडील खरोखर ड्युटीवर असले तरी तेच उत्तर, आणि पिऊन पडले असले तरी तेच. कायद्याने त्यांना सदैव ड्युटीवर ठेवले आहे. घराने त्याच शब्दाचा पडदा शिवून दाराला लावला आहे. नातेवाइकांच्या लग्नाला न जाणे, दिवाळीत भाऊबीजेला उशिरा पोहोचणे, पगारातले पैसे कमी पडणे, सगळे त्या एका शब्दाखाली झाकले जाते.

ती झाकते यात तिचा दोष काढण्याचे कारण नाही. तिने उघडे केले तर काय होते ते तिला पुरते ठाऊक असते. कामावर पिऊन आल्याचे सिद्ध झाले की निलंबन, मग विभागीय चौकशी. निलंबनात जो निर्वाह भत्ता मिळतो तो सुरुवातीला साधारण अर्ध्या पगाराच्या हिशेबाचा. घर पोलिसांच्या लाईनीत असेल तर तेही नोकरीच्या दोरीला बांधलेले. अर्ध्या पगारात मुलीचे कॉलेज आणि सासूचे औषध बसवायचे की तापाची थाप मारायची? कोणतीही शहाणी गृहिणी थापच मारील. खात्याच्या लेखी पिणे हा गुन्हा आहे. तो आजार आहे असे खात्याने मानले असते, तर हीच बाई पहिल्या वर्षी नवऱ्याला घेऊन डॉक्टरकडे गेली असती. ती जाते दहाव्या वर्षी, जेव्हा डोळे पिवळे होतात आणि पोटात पाणी साठते.

आणि तोवर घरात बरेच काही होऊन गेलेले असते. मारहाण काही घरांत होते, काहींत होत नाही. पण कान टवकारून राहणे सगळ्या घरांत असते. मोटारसायकल जिन्याखाली कशी लावली गेली, यावरून मुले ओळखतात की आज अभ्यासाची वही उघडावी की अंगावर पांघरूण ओढावे. थोरली मुलगी दहाव्या वर्षी आईची आई होते. नवऱ्याविरुद्ध तक्रार करायची तर कुठे जायचे? शेजारणीचा नवरा मारतो तेव्हा ती पोलिसांत जाते. पोलिसाच्या बायकोने त्याच ठाण्यात, त्याच्याच सोबत्यापुढे उभे राहायचे!

खात्यात बायकाही आता पुष्कळ आहेत, त्यांचा प्रश्न आणखी निराळा. बारा तास उभे राहून घरी आले की दुसरी पाळी स्वयंपाकघरात सुरू. २०२१ मध्ये राज्याच्या पोलीस महासंचालकांनी महिला पोलिसांसाठी बारा तासांऐवजी आठ तासांच्या कामाचा आदेश दिला, हे योग्यच झाले. पण आठ तास हे बाईवर केलेले उपकार आणि पुरुषाला चौदा तास हा त्याचा पुरुषार्थ, असे वाटून घेणे मात्र चुकीचे. चौदा तास उभ्या राहिलेल्या पुरुषाचा उरलेला भार त्याच्या बायकोवरच पडतो.

गिरणी कामगार संप करतो, शिक्षक मोर्चा काढतात. पोलिसाने काय करावे? १९६६ च्या केंद्रीय कायद्याने पोलिसांच्या संघटनेच्या हक्कांवर बंधने घातली. मुंबईत पोलिसांची संघटना काही काळ नांदली, पण १९८२ च्या ऑगस्टमध्ये सरकारने ती मोडीत काढली, पुढाऱ्यांना पकडले, आणि १८ ऑगस्टला मुंबईत पोलिसांचेच बंड झाले. ते शमवायला सैन्य आणावे लागले. शस्त्रधारी माणसांनी संप करू नये, हे म्हणणे मला मान्य आहे. मात्र ज्याला संप करता येत नाही त्याचे गाऱ्हाणे ऐकण्याची दुसरी सोय सरकारने अधिक काळजीने करायला हवी होती. ती झाली नाही, म्हणून नवऱ्यांऐवजी बायका रस्त्यावर येतात. २०२४ च्या ऑक्टोबरात तेलंगणात विशेष पोलीस दलातल्या शिपायांच्या बायकांनी हेच केले. वर्षाचे किती दिवस नवरा घरी असतो ते त्यांनी रस्त्यावर बसून सांगितले. सरकारने काही शिपायांना निलंबित केले, काहींना बडतर्फच केले.

पाळ्या आठ तासांच्या करणे अशक्य आहे, मनुष्यबळ नाही, असे उत्तर वरिष्ठांकडून नेहमी मिळते. या उत्तराला एका साध्या शिपायाने प्रत्युत्तर दिले, ही गोष्ट प्रत्येक पोलीस ठाण्याच्या भिंतीवर लिहून ठेवण्यासारखी आहे. मुंबईत देवनार पोलीस ठाण्यातले शिपाई रवींद्र पाटील यांनी आहे त्याच माणसांत तीन पाळ्या कशा बसवता येतील याचा आराखडा तयार केला आणि तो पोलीस आयुक्त दत्ता पडसलगीकर यांच्यापुढे ठेवला. आयुक्तांनी तो केराच्या टोपलीत टाकला नाही, हे दुसरे आश्चर्य. ५ मे २०१६ पासून देवनारला प्रयोग सुरू झाला, आणि २०१७ च्या जानेवारीत तो मुंबईच्या सर्व पोलीस ठाण्यांत नेण्यात आला. पुढे करोनाच्या साथीत घडी विस्कटली. तरी एक गोष्ट सिद्ध होऊन चुकली : मुंबईसारख्या शहरात हे जमू शकते. मग जिल्ह्याच्या ठाण्यांत जमणार नाही असे म्हणणाऱ्याने निदान आकडेमोड करून दाखवावी.

दरवर्षी २१ ऑक्टोबरला, म्हणजे बहुधा दिवाळीच्या आगेमागे, देशभर पोलीस स्मृतिदिन पाळला जातो. १९५९ साली लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्जपाशी चिनी सैनिकांच्या गोळीबारात राखीव पोलीस दलाचे दहा जवान पडले, त्यांची ही आठवण. मानवंदना होते, वर्षभरात कर्तव्य बजावताना गेलेल्यांची नावे वाचली जातात. ती नावे ऐकताना मान आपोआप लवते. यकृत सडून सेहेचाळिसाव्या वर्षी गेलेल्या हवालदाराचे नाव त्या यादीत नसते, आणि असावे असे माझेही म्हणणे नाही. पण त्याच्या विधवेला पुढच्या दिवाळीला लाईनीतली खोली खाली करावी लागते, तीही त्याच नोकरीची किंमत आहे.

आता थोडे उपायाचे बोलू. कारण ज्या घरांत हा अंक जाईल त्यांतली काही घरे खाकी वर्दीची असतील, आणि काहींचा शेजार तसा असेल.

पहिली गोष्ट, दिवाळीच्या रजेत नवऱ्याला खोलीत कोंडून ‘आजपासून बंद’ करू नये. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की हात कापतात, घाम फुटतो, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि त्यापुढे भास होऊन माणूस भ्रमिष्टासारखा वागू लागतो. यात जीवही जातो. दारू सोडवणे हे पहिले काही दिवस तरी डॉक्टरच्या देखरेखीखाली व्हावे लागते. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ भेटतात. तिथे जाण्यात लाज वाटण्याजोगे काही नाही.

दुसरी गोष्ट त्या जाहिरातींची. ‘न सांगता दारू सोडवा, चहातून पूड द्या’ अशा चौकटी आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत, आणि कितीतरी बायकांनी मंगळसूत्र गहाण टाकून त्या पुड्या मागवल्या असतील. १९४८ साली कोपनहेगनमध्ये हाल्ड आणि याकोबसेन यांनी डायसल्फिरम या औषधाचा दारूवरचा गुण प्रसिद्ध केला. ते घेतलेल्या माणसाने दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, हृदयावर ताण येतो. समजून उमजून, डॉक्टरच्या सल्ल्याने घेतले तर ते उपयोगी आहे. न सांगता आमटीत घातले तर ते विष आहे. पुडीत काय आहे हे आपल्याला ठाऊक नसते, ही आणखी भीती.

तिसरी गोष्ट नोकरीच्या भयाची. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारूमुळे आणि मादक द्रव्यांमुळे होणाऱ्या मनोविकारांचा समावेश आजारात केला आहे, आणि रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन डॉक्टरवर घातले आहे. काही अपवाद आहेत, पण उपचाराला गेलो म्हणजे उद्या साहेबाच्या टेबलावर कागद गेला, असे होत नाही. माणूस मरणाच्या गोष्टी बोलू लागला, तर मात्र ती दारूची बडबड म्हणून सोडून देऊ नये. त्याला एकटे ठेवू नये, शस्त्र घरी असेल तर ते दूर करावे, आणि त्याच दिवशी १४४१६ या ‘टेली-मानस’ क्रमांकावर फोन करावा. तो चोवीस तास चालतो व मराठीत बोलता येते. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा दुसरा क्रमांक आहे.

आणि राहिली ती बाई, जी दारात उभी राहून काकूंना “ड्युटीवर गेल्यात” असे सांगते. पुण्याला डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने २९ ऑगस्ट १९८६ रोजी ‘मुक्तांगण’ सुरू केले. तेथे पेशंटला पस्तीस दिवस ठेवतात, आणि त्यांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ नावाचा वेगळा गट चालतो. अमेरिकेत १९५१ मध्ये सुरू झालेल्या ‘अल-अनॉन’ या संघटनेची रीतही अशीच. नवरा अजून पीत असला, त्याने उपचाराला साफ नकार दिला असला, तरी बायकोने एकटीने यायला हरकत नसते. आल्यावर तिला त्याची बाटली शोधून मोरीत ओतायला शिकवत नाहीत. ठाण्यातून फोन आला तर तापाची थाप मारायची नाही. “त्यांच्याशीच बोला” म्हणून फोन त्याच्या हातात द्यायचा, एवढा धडा पहिल्या काही बैठकांत होतो. तो साधा वाटतो. पण कित्येकींना तो फोन हातात धरायलाच वर्ष लागते, आणि बाकीच्या जणी तेवढे वर्ष तिच्याबरोबर बसून असतात.